गादीमास्तर आणि बंद भट्टी

कारखान्यातल्या निम्म्या लोकांना गादीमास्तरांचं खरं नाव ठाऊक नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांनी ते कधी विचारलं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. लोखंड तापवायच्या मोठाल्या भट्ट्यांना आतून अस्तर लावायचं. आधी हे अस्तर विटांचं असे. मग एके दिवशी ट्रकमधून पांढऱ्याशुभ्र गुंडाळ्या उतरल्या. दिसायला कापूस, हाताला लोकर, वजनाला जवळजवळ काहीच नाही, आणि भट्टीत हजार-बाराशे अंशांची आग पेटली तरी बाहेरचा पत्रा फारसा तापू न देणाऱ्या. नाव सिरॅमिक फायबर. एवढं लांबलचक नाव कोण घेत बसणार? कामगारांनी आठवडाभरात त्याची 'गादी' केली आणि ती पसरणाऱ्या मिस्त्रीचा गादीमास्तर. मेहुण्यानं तर एकदा ते नाव ऐकून दोन फाटक्या उशा त्यांच्याकडे दुरुस्तीला पाठवल्या होत्या.

त्या काळी गादीची भीती कुणालाच नव्हती. उलट लाडच होते. दुपारचे डबे संपले की मास्तर आणि त्यांचा जोडीदार उरलेल्या गुंडाळीवर डोकं टेकून डुलकी काढत. काम संपलं की हवेच्या पाइपचा झोत एकमेकांच्या कपड्यांवर मारून पांढरा भुगा उडवत आणि एकमेकांचे पिकल्यासारखे दिसणारे केस बघून पोट धरून हसत. घरी बायको ते कपडे स्वतःच्या आणि मुलीच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजवायची. मग तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत खाज सुटायची. साबण बदलून झाला, मलमं लावून झाली.

"अहो, तुमच्या कपड्यांत काचा असतात का हो?" ती वैतागून विचारायची.

ती किती नेमकं बोलत होती, हे तिलाही माहीत नव्हतं आणि त्यांनाही.

ते कळलं दहा वर्षांनी. गादी पुरवणाऱ्या कंपनीकडून एक तंत्रज्ञ बाई आल्या होत्या. भट्टीत शिरण्याआधी त्यांनी अंगभर पातळ पांढरा झगा चढवला, बाह्या मनगटाशी चिकटपट्टीनं बंद केल्या आणि तोंडावर हवा गाळणाऱ्या दोन डबड्यांचा रबरी मास्क बसवला. मास्तर आणि जोडीदार गालातल्या गालात हसले. बाईंनी ते पाहिलं. रागावल्या नाहीत. भट्टीतला जुना, वर्षानुवर्षं भाजलेला एक तुकडा उचलून त्यांनी मास्तरांच्या तळहातावर ठेवला आणि बोटानं दाबला. तुकड्याचं पीठ झालं.

"नवी गादी टोचते, तिचे तंतूही छातीत जातात, तिलाही जपायचंच," त्या म्हणाल्या. "पण ही जी खूप तापलेली असते ना, तिचा पोत बदलतो. हिच्यात स्फटिक तयार होतात. हे पीठ इतकं बारीक असतं की डोळ्याला दिसत नाही, आणि एकदा फुफ्फुसात जाऊन बसलं की खोकून बाहेर येत नाही. म्हणून जुनी गादी काढताना आधी ओली करायची. भसाभसा पाण्याचा झोत नाही, नुसता फवारा. आणि हवेच्या पाइपनं कपडे झटकणं आजपासून बंद. कोण करतं तसं?"

जोडीदारानं मास्तरांकडे पाहिलं आणि तो खोकला. तेव्हा त्याचा खोकला नवीन होता.

आज तो जोडीदार पलंगावर तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपतो. नाकात नळी असते. जिना चढणं तर सोडाच, पायात चप्पल सरकवली तरी त्याला दम लागतो. हवेच्या पाइपची ती युक्ती त्याला शिकवली होती मास्तरांनीच.

त्या बाई येऊन गेल्या त्या दिवसापासून मास्तर बदलले. इतके की लोक त्यांना टाळायला लागले. मास्क लावलास का, दाढी काढून ये, जेवायच्या आधी थंड पाण्यानं हात धू, चोळू नकोस, कपडे उलटे करून पिशवीत भर, घरी नेऊ नकोस. सासूबाई बऱ्या, असं पोरं म्हणायची. पण म्हणत म्हणत ऐकायची.

मग ते निवृत्त झाले, आणि इथून पुढे त्यांचं सगळं अवघड होत गेलं.

कंपनीचं घर सोडावं लागलं. मुलगी आणि जावई आग्रहानं म्हणाले, आमच्याकडेच या. मास्तर आणि त्यांची बायको गेले. मागच्या बाजूची खोली मिळाली. खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजाऱ्यांची भिंत, तिच्यावरून उतरलेला एक पाइप, आणि पाइपाला गुंडाळलेली चिंधी. मास्तर सकाळी उठून त्या चिंधीकडे बघत बसत. घरात कुणी वाईट वागत नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती. वाईट वागलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मास्तर टीव्हीचा आवाज लहान ठेवत, न्हाणीघरात लवकर आटोपत, आणि भाजीत मीठ कमी असलं तरी छान झालीय म्हणत.

जावई भट्टीच्या अस्तराचीच कंत्राटं घेत असे. माणूस कष्टाळू, हसरा, दाढी राखलेला, आणि सदा घाईत. एका संध्याकाळी तो मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाबा, तुमच्या जुन्या कारखान्याचं काम मिळालंय. मोठी चौकोनी भट्टी. माझा मिस्त्री ऐनवेळी सोडून गेला. तुम्ही नुसते उभे राहिलात तरी चालेल. साहेबांना तुमचं नाव सांगितलं तेव्हाच त्यांनी होकार दिला."

"किती दिवस आहेत?"

"चार."

"जुनी गादी ओली करून काढायची तर चारात कसं बसेल, जावईबापू? ओलं झालं की पुढे सुकवायलाही वेळ लागतो."

"बघू ना. कराल ना तुम्ही?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिनं मान खाली घालून उशीचा अभ्रा सरळ केला. ज्याच्या घरात राहायचं त्याला नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं? मास्तर हो म्हणाले.

पहिल्या दिवशी ते दोन गोष्टी घेऊन गेले. स्वतःचा जुना रबरी मास्क, नवी डबडी बसवलेला. आणि कुंड्यांवर फवारा मारायचा पाच लिटरचा हातपंप, मुलीच्या गॅलरीतून उचललेला. पंप पाहून जावई हसला.

"बाबा, भट्टीत गुलाब लावायचेत का?"

चार कामगार होते. त्यांतला सगळ्यात उंच तो लंबू, मास्तरांच्या हाताखालीच तयार झालेला. मास्तरांनी आधी गॅसच्या नळीत पोलादी चकती घालून ती पक्की बंद करून घेतली. भट्टीत माणूस असताना गॅसच्या नुसत्या कॉकवर विसंबायचं नाही, हे त्यांनी कुणाचं न ऐकता केलं. पुढे दारापाशी फळा टांगला. आत जाणाऱ्यानं नाव लिहायचं, बाहेर आल्यावर पुसायचं. भट्टीला दार एकच, साखळीनं वर उचललं जाणारं, दोन टनांचं. ते वर असताना दोन्ही बाजूंना जाड खिळी घालायच्या, म्हणजे साखळी सुटली तरी दार खाली येणार नाही.

इथवर सगळं ठीक झालं. मग जावई आला, हातात कागदी मास्कचा खोका घेऊन.

"हे? हे तर झाडू मारायला वापरतात," मास्तर म्हणाले.

"उद्यापर्यंत दुसरे मागवतो. आज चालवून घ्या. आणि पाणी नको, बाबा. आजच्या दिवसात अर्धं छत उतरलं पाहिजे. साहेब दर दोन तासांनी फोन करतायत. नाहीतर दुसरा कंत्राटदार दारात उभाच आहे."

आत जायच्या परवान्यावर देखरेख करणाऱ्याची सही लागते. कागद मास्तरांच्या पुढ्यात आला. चार कामगार बघत होते. जावई बघत होता. मास्तरांना मागची खोली आठवली, खिडकीतली भिंत आठवली. त्यांनी सही केली.

दिवसभर ते दाराशी उभे होते. कोरडी गादी ओढली की भक्कन भुगा उडे आणि दिव्याच्या झोतात तरंगत राही, खाली बसायचं नाव नाही. घामानं कागदी मास्क भिजले तसे कामगारांनी ते गळ्यात ओढले. मास्तर दोनदा ओरडले. तिसऱ्यांदा लंबूच म्हणाला, "मास्तर, यातून श्वासच येत नाही," आणि ते गप्प झाले, कारण त्याचं म्हणणं खरं होतं. स्वतःच्या तोंडावर चांगला मास्क असताना दुसऱ्याला काय सांगणार? त्या दिवशी त्यांना आपला मास्क चोरीच्या मालासारखा वाटला.

संध्याकाळी मास्तरांनी कारखान्यातच अंग धुतलं, कपडे पिशवीत बांधले आणि ते दुसऱ्या कपड्यांत घरी आले. जावई त्यांच्या मागोमाग आला, तसाच, कामाच्या कपड्यांत. तीन वर्षांची नात धावत गेली आणि तिनं बापाच्या पोटाला मिठी मारली. त्यानं तिला उचलून गरागरा फिरवलं. खाली ठेवली तेव्हा तिच्या निळ्या फ्रॉकवर खांद्यापासून कमरेपर्यंत पांढरा पट्टा उमटला होता. तिनं हात झटकले आणि डोळे चोळायला लागली.

"चोळू नकोस!" मास्तर एवढ्या जोरात ओरडले की नात रडायला लागली.

त्यांनी तिला नळाखाली नेलं आणि तिचे डोळे पाण्यानं धुतले. मुलगी घाबरून मागे उभी होती. "बाबा, काय झालं? नुसती धूळ तर आहे." तिच्याही लहानपणी, तिच्या फ्रॉकच्या बादलीत हीच धूळ होती. त्यांनी टॉवेल घेतला आणि पोरीचं तोंड हळूहळू टिपत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते ठरवून गेले. सही करायची नाही. पण चार लोकांत जावयाचा पाणउतारा करायचा नाही, हेही ठरवून गेले. सकाळभर जावई साहेबांच्या मागे धावत होता, त्यामुळे परवाना दुपारपर्यंत पडून राहिला आणि कामगार बाहेर नवीन गादीच्या घड्या घालत बसले. दुपारी सगळे डबे घेऊन लांबच्या शेडमध्ये गेले. भट्टीशी फक्त जावई उरला. कालचं उरलेलं छत किती आहे हे पाहायला तो टॉर्च घेऊन आत शिरला होता. मास्तरांना वाटलं, हीच वेळ. आत कुणी ऐकणार नाही. दोन मिनिटांचं तर बोलणं. त्यांनी मास्क लावला आणि तेही आत गेले.

फळ्यावर नाव लिहायला सांगत ज्यांनी जन्म काढला, त्यांनी त्या दिवशी फळ्यावर ना स्वतःचं नाव लिहिलं, ना जावयाचं.

त्याच वेळी कारखान्याच्या दुसऱ्या टोकाकडून साहेब पाहुण्यांना घेऊन निघाले होते. पाहुणे भट्ट्यांच्या बाजूनं जाणार, आणि उघड्या भट्टीच्या तोंडातून पांढरा भुगा जमिनीवर पसरलेला. साहेबांनी फोनवरून सांगितलं, ते दार खाली घ्या, घाण दिसायला नको. दार चालवणारा कारखान्याचा माणूस आला, त्यानं फळा पाहिला. फळा कोरा. त्यानं दोन्ही खिळी काढल्या आणि बटण दाबलं.

आत मास्तर मास्क खाली करून म्हणत होते, "जावईबापू, राग मानू नका, पण आज मी सही..." आणि उजेड वरून खाली कापला गेला. दोघं वळून दाराकडे धावेपर्यंत दार बंद झालं. शेवटच्या हातभर अंतरात साखळी निसटली असावी, कारण ते टेकलं नाही, आदळलं. सगळी भट्टी हादरली आणि छताचा अर्धवट सुटलेला भाग दोघांच्या मागे धप्पकन खाली आला.

क्षणभर काहीच दिसेना. टॉर्चच्या उजेडात नुसतं पांढरं. मास्तरांनी श्वास रोखून मास्क वर ओढला आणि पट्टे आवळले. जावई दारावर दोन्ही मुठींनी बडवत होता.

"उघडा! अरे आत माणसं आहेत! उघडा!"

दाराला आतून गादी लावलेली. मुठी तिच्यात रुतत होत्या, आवाज होत नव्हता. हाकाही तशाच. तोंडातून निघाल्या की भिंती गिळून टाकत. गादी उष्णता अडवते तसा आवाजही अडवते, हे मास्तरांना आयुष्यभर माहीत होतं. पण त्या गादीच्या आत कोंडून घेऊन ओरडायची वेळ कधी आली नव्हती. बाहेर कारखाना चालू असणार, पण आत शेजारच्या यंत्राची घरघरसुद्धा येत नव्हती. जावयानं खिशातून फोन काढला. चारही बाजूंना पोलाद, रेंज कुठून येणार?

तो लाथा मारायला लागला. प्रत्येक लाथेसरशी भुग्याचा नवा लोट उठत होता.

"थांबा! हलू नका!" मास्तरांनी त्याचा दंड धरला. मास्कमधून त्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. "जितकं हलाल तितकं छातीत जाईल. खाली बसा. सावकाश."

"गॅस... बाबा, कुणी बर्नर पेटवला तर?"

"नळीत चकती आहे. मी घातलीय. चकती काढल्याशिवाय काडी ओढली तरी गॅस येणार नाही. आणि वर धुराड्याचं भोक उघडं आहे, बघा, उजेड येतोय. हवा कमी पडणार नाही. आपल्याला फक्त या भुग्याशी निपटायचंय. बसा."

जावई बसला. त्याला ढास लागली होती. मास्तरांनी एक खोल श्वास घेतला, मास्क काढला आणि त्याच्या तोंडावर बसवला. पट्टे आवळले, हनुवटीखाली दाबून पाहिलं. दाढी. रबर आणि गालाच्या मधून बोट जाईल एवढी फट. त्यांनी पुन्हा आवळलं. फट गेली नाही.

"नाही बसत," जावई म्हणाला. त्यानं मास्क काढून परत त्यांच्या हातात दिला. "तुम्ही घाला. तुम्हाला बसतो."

त्याच्या गळ्यात कागदी मास्क लोंबत होता. मास्तरांनी आपला मास्क चढवला, रुमाल काढून जावयाच्या कागदी मास्कवरून घट्ट बांधला आणि टॉर्च घेऊन गुडघ्यांवर सरकत पंप शोधायला लागले. तो काल त्यांनीच कोपऱ्यात ठेवला होता आणि कुणी हातही लावला नव्हता. सापडला. हलवून पाहिला. निम्म्याहून जास्त भरलेला. त्यांनी दट्ट्या मारून हवा भरली आणि फवारा वर, हवेत धरला. मग खाली पडलेल्या ढिगावर, मग भिंतीच्या खालच्या बाजूला. घाई न करता. पाणी पुरवून पुरवून. थोड्या वेळानं टॉर्चच्या झोतात तरंगणारे कण विरळ झाले. मग समोरची भिंत दिसायला लागली.

"एवढंच होतं हे?" जावई खालच्या आवाजात म्हणाला.

"एवढंच."

काल ज्या ठिकाणी गादी सोलली होती तिथं पोलादी पत्रा उघडा पडला होता. मास्तरांनी जमिनीवरचा पाना उचलला आणि त्या पत्र्यावर मारला. टण्ण. हा आवाज मात्र बाहेर जाणारा होता. तीन ठोके, थांबायचं, पुन्हा तीन. पण बाहेर जेवणाची सुट्टी, शेड लांब, दार लावणारा माणूसही जेवायला गेलेला, आणि साहेब पाहुण्यांना दुसरीकडे घेऊन गेलेले. कुणी आलं नाही. दोघं आळीपाळीनं ठोकत राहिले.

अर्ध्या तासानं जावयाचे हात थांबले.

"बाबा, तुम्हाला वाटतं मला कळत नाही. मला सगळं कळतं," तो म्हणाला. "पण चार दिवस म्हणजे चार दिवस. मी सहा म्हटले असते तर काम दुसऱ्याला गेलं असतं, आणि त्यानंही असंच कोरडंच काढलं असतं. मग मी कुठं अडवणार? घरी आलो की तुम्ही माझ्याकडे असे बघता, जसं मी परीक्षेत नापास होऊन आलोय. तोंडानं एक शब्द नाही. त्यापेक्षा शिव्या घाला."

मास्तरांनी पाना त्याच्या हातातून घेऊन खाली ठेवला. मग म्हणाले, "माझा जोडीदार माहीतय ना? नाकात नळी असलेला."

"हो."

"त्याला हवेच्या पाइपनं कपडे झटकायला मी शिकवलं. रोज. मजा म्हणून. त्या बाई येऊन गेल्या, मला कळलं, तरी मी त्याला जाऊन कधी म्हटलं नाही की हे माझ्यामुळे झालं. त्याच्याकडे जातो, फळं देतो, हवापाण्याच्या गप्पा मारतो आणि परत येतो. आणि काल सही कुणी केली? तुम्ही नाही केलीत. मी केली. का केली, सांगू? तुमच्या घरात राहतो म्हणून. मागच्या खोलीसाठी मी चार माणसांना त्या भुग्यात पाठवलं. मग तुमच्याकडे नापास पोरासारखं बघणारा मी कोण?"

"खोलीचं काय मध्येच? खोली तुमचीच आहे."

"तुम्हाला वाटतं. मला वाटत नाही. मी तिथं पाहुण्यासारखा राहतो. दीड वर्ष झालं, मीठसुद्धा मागत नाही."

जावयानं टॉर्च त्यांच्याकडे वळवला. "मीठ? आम्हाला वाटायचं तुम्हाला अळणी आवडतं. तुमच्यासाठी म्हणून सगळेच कमी मिठाचं खातोय आम्ही दीड वर्ष."

मास्कच्या आत मास्तरांना हसू फुटलं. मग ते दोघंही हसले, आणि हसता हसता जावयाला पुन्हा ढास लागली तसे मास्तर दचकले. त्यांनी पंपातलं उरलेलं पाणी त्याच्या रुमालावर मारलं.

"पोरीच्या फ्रॉकवर काल तो पट्टा होता," जावई म्हणाला. "मी पाहिला होता. पाहून न पाहिल्यासारखं केलं."

त्यानं पाना घेतला आणि पुन्हा ठोकायला लागला. तीन, थांबायचं, तीन. आता ते मोजावं लागत नव्हतं. त्याच्या खांद्याला रग लागली की मास्तर, मास्तरांच्या मनगटात कळ आली की तो. धुराड्यातून पडलेला उजेडाचा तुकडा जमिनीवरून सरकत सरकत भिंतीवर चढला. मास्तरांना सगळ्यात जास्त त्रास त्याच तुकड्याचा झाला. आपण बसलोय आणि दिवस पुढे चाललाय, हे तो दाखवत होता.

ठोके लंबूनं ऐकले. परवान्याविना काम अडलेलं, म्हणून जेवून सगळे शेडमध्येच लवंडले होते, आणि डबा धुवायला तो आता नळाशी आला होता. हा ठोका त्याच्या ओळखीचा होता. मास्तर आतून पाना मागायचे ते असाच ठोकून. तो ओरडत धावला. दार उचलायची मोटर लावली तर निसटलेल्या साखळीमुळे ती गुरगुरून बंद पडली. मग हाताच्या साखळीवर चार माणसं लटकली आणि दार बोटाबोटानं वर गेलं. दोघं पोटावर सरपटत बाहेर आले तेव्हा आत जाऊन पावणेदोन तास झाले होते.

कुणीतरी हवेचा पाइप घेऊन धावत आलं, कपडे झटकायला.

"तो आधी खाली ठेव!" जावई ओरडला. मास्तरांच्याही आधी.

साहेब आले. पाहुणे जेवायला बसले होते, म्हणून ते घाईत होते. झालं गेलं विसरा म्हणाले, कुणाला लागलेलं नाही, कागदावर काही नको, आणि फळ्यावर नाव नव्हतं म्हणजे चूक तुमचीच. शेवटचं खरंच होतं. मास्तरांनी मान हलवली.

"फळ्याची चूक माझी," ते म्हणाले. "ती मी लिहून देतो. पण मग सगळंच लिहून देतो. कालची सहीसुद्धा."

"साहेब," जावई मध्येच बोलला. त्याचा आवाज बसला होता. "उरलेलं छत ओलं करून काढू. डबड्यांचे मास्क येईपर्यंत माणसं आत जाणार नाहीत. सात दिवस लागतील."

"चार."

"मग आमच्याच्यानं होणार नाही."

असं म्हणून टाकणं सोपं नव्हतं. घरी जाताना गाडीत तो पुढच्या महिन्याच्या खर्चाचा हिशेब करत होता. मास्तरांनी म्हटल्याप्रमाणे सगळं लिहून दिलं, आणि काम दुसऱ्या कंत्राटदाराला गेलं. त्यानं ते कोरडंच काढलं, साडेतीन दिवसांत. जावयाला त्या कारखान्यानं पुन्हा बोलावलं नाही, आणि बोभाटा होऊन आणखी एक-दोन दारं बंद झाली. आता तो लहान भट्ट्यांची कामं करतो, लांब लांब जाऊन. घरात त्यावरून धुसफूस होते. मुलगी एकदा आईला म्हणाली, "बाबांनी गप्प राहायला हवं होतं," आणि ते भिंतीपलीकडे मास्तरांनी ऐकलं.

दोघांच्या छातीचे फोटो काढले. मास्तरांच्या फुफ्फुसांवर जुने डाग निघाले, पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे. वाढू नयेत एवढंच बघायचं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जावयाचा फोटो स्वच्छ होता. तो खूश होऊन उठायला लागला तशा त्या म्हणाल्या, "बसा. आज दिसणार नाही. दिसायचं असेल तर कितीतरी वर्षांनी दिसतं. दर वर्षी यायचं." तो पुन्हा बसला. मास्तरांना त्या वेळी त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि ठेवला.

पुढच्या आठवड्यात ते जोडीदाराकडे गेले. या वेळी फळं नेली नाहीत. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी जे सांगायचं होतं ते सांगितलं. जोडीदारानं नळी नीट केली, दम घेतला आणि म्हणाला, "मला केव्हाच माहीत होतं. तू कधी म्हणतोस, याचीच वाट बघत होतो. आता उठ, ती खिडकी जरा उघड."

त्या पहिल्या दिवशी कोरड्या भुग्यात उतरलेल्या चारही कामगारांची घरं मास्तरांनी शोधून काढली. तिघांना त्यांनी स्वतः बरोबर नेऊन तपासून आणलं. चौथा लंबू. तो आता त्या दुसऱ्या कंत्राटदाराकडे लागलाय. मास्तर रविवारी सकाळी त्याच्याकडे जातात. तो दारातच हसतो, "मास्तर, मला काय धाड भरलीय? बघा," म्हणतो आणि छाती ठोकून दाखवतो. त्याची बायको चहा टाकते. तिच्या हातावर कोपरापर्यंत लाल चट्टे आहेत. मास्तर तिला सांगतात, याचे कपडे वेगळे धूत जा, आधी नुसत्या थंड पाण्यातून काढ, झटकू नकोस. ती ऐकून घेते. चहा पिऊन झाला की ते उठतात आणि म्हणतात, "बरं, पुढच्या रविवारी येतो."